खिशाची वही

थोरली माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायची. आधी कॉलर, मग कफ, मग खिसे. तोंड काय, कुणीही धुवून येतं. कॉलर मात्र माणूस दुसऱ्याकडे धुवायला देतो आणि तिथेच सापडतो.

चार जावांत मोठी म्हणून ती थोरली. जावा आपापल्या वाटेने गेल्या, दीर वेगळे झाले, सासू-सासरे गेले, नवराही गेला. नाव तेवढं चिकटून राहिलं. शाळा म्हणाल तर दोन इयत्ता. अक्षराला अक्षर जोडत वाचायची आणि लिहायला बसली की जीभ दाताखाली धरायची. पण एकाहत्तराव्या वर्षीही डागावरून नुसता अंगठा फिरवून तो तेलाचा, शाईचा की लपवलेला, हे सांगायची.

लाँड्री तीन मजल्यांची. खाली काउंटर आणि धुण्याच्या मशिनी, मधे इस्त्रीची टेबलं, वर वाळवणाची गच्ची. मागच्या भिंतीला बॉयलर. आणि काउंटरच्या खणात एक वही, लाल पुठ्ठ्याची. तिला घरात खिशाची वही म्हणत.

वहीचा नियम सासूने घातलेला. कपडा आला की खिसा तपासायचा. जे हाताला लागेल ते न बघता, न उलगडता पाकिटात घालायचं, पाकिटावर गिऱ्हाइकाची खूण टाकायची, पाकीट टाचणीने कपड्याला लावायचं. कपडे न्यायला मालक आला की पाकीट त्याने स्वतः उघडायचं, आत काय आहे ते मोठ्याने म्हणायचं. तो म्हणेल ते वहीत लिहायचं, खाली त्याची सही. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाने अंगठी गेली म्हणून दुकानासमोर दोन दिवस तमाशा केला होता. अंगठी तिसऱ्या दिवशी त्याच्याच दुसऱ्या घरी सापडली. तेव्हापासून वही.

त्या वहीपायी अख्खी वस्ती इथे निर्धास्त कपडे टाकायची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, भलत्याच नावाने आलेली पत्रं, नापास झाल्याचे कागद, सगळं या काउंटरवरून गेलं आणि काउंटरच्या बाहेर एक शब्द गेला नाही. थोरलीला त्याचा केवढा तोरा! "डॉक्टर बोलेल, वकील बोलेल, देवापुढे बसलेला माणूसही बोलेल," ती म्हणायची, "आमचा खिसा बोलत नाही."

आता या लाँड्रीवर बालंट आलं होतं.

मागच्या बाजूला नवी उंच इमारत झाली होती. तिच्या चौथ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायला आले. त्यांना पत्रवाले काका म्हणत, कारण ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. नागरिकांची कर्तव्यं, तरुणांची घसरण, सरकारची झोप, रांगेतली शिस्त. एकही विषय त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. इमारतीचे ते सेक्रेटरी. बाल्कनीत उभं राहून त्यांनी बॉयलरमधून निघणारं पांढरं काहीतरी पाहिलं, त्याला धूर म्हटलं, आणि बावीस बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन परवाना खात्यात तक्रार ठोकली.

तो धूर नव्हताच, वाफ होती. बॉयलर दोन वर्षांपूर्वीच गॅसवर घेतला होता. पण बाल्कनीतून खाली येऊन बघायचं तर जिने उतरावे लागतात, आणि मत द्यायला जिने लागत नाहीत.

सह्या करणाऱ्या बावीस घरांपैकी एकोणीस घरांचे कपडे थोरलीकडेच यायचे. खुद्द पत्रवाल्यांचे शर्टही. त्या शर्टांना सिगारेटचा वास असायचा आणि वरच्या खिशात बडीशेपेची पुडी. बायकोला ठाऊक नव्हतं, थोरलीला गेली तीन वर्षं ठाऊक होतं. ती वास काढून शर्ट परत करायची. शुद्ध हवेवरचं काकांचं पत्र छापून आलं, त्या दिवशी तिने त्यांचा शर्ट दोनदा धुतला, बस.

तक्रारीवर सुनावणी लागली मंगळवारी अकरा वाजता. परवाना खात्याचे साहेब निकाल देणार. बॉयलर बंद म्हणजे लाँड्री बंद. थंड पाण्यात कॉलरी निघत नाहीत. लाँड्री बंद म्हणजे घरातल्या चार माणसांचं आणि इस्त्रीवरच्या सहा जणांचं पोट गेलं.

आणि गंमत बघा, त्या साहेबांचे कपडेही थोरलीकडेच. शनिवारी त्यांचा शिपाई निळा सूट घेऊन आला.

"मंगळवारी सकाळी साडेदहाला हापिसात पोचता करा म्हणालेत," शिपाई म्हणाला. "कडक इस्त्री हवी. सुनावणी आहे ना."

"कुणाची सुनावणी?" थोरलीने विचारलं.

शिपायाने वरच्या पाटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे, आणि पावती न घेताच पळाला.

"बघ," थोरली सुनेला म्हणाली. "आपला गळा कापायला येणार आणि कपडे आपण इस्त्री करून द्यायचे. निदान दुसरी लाँड्री तरी शोधायची!"

"दुसरीकडे कॉलर निघत नाही त्यांची," सून म्हणाली. तिने सूट उचलला आणि सवयीने खिसे तपासले. पँटच्या मागच्या खिशात चार घड्यांचा कागद निघाला. पाकीट घ्यायला तिने हात लांब केला आणि तो हात तिथेच थांबला. घडीच्या वरच्या बाजूला छापील अक्षरांत लाँड्रीचं नाव होतं.

थोरली "अगं" म्हणेपर्यंत कागद उलगडला गेला होता.

"आई," सून वाचू लागली, "दोन्ही बाजूंचं म्हणणं सविस्तर ऐकून घेतल्यानंतर... प्रत्यक्ष पाहणीत काळा धूर आढळल्याने... बॉयलर तात्काळ बंद करण्याचा आदेश... खाली सही आहे, शिक्काही आहे. आणि तारीख मंगळवारची!"

"आज शनिवार," थोरली म्हणाली.

"तेच तर!"

थोरलीने कागद तिच्या हातातून ओढला, होत्या त्याच घड्या घातल्या, पाकिटात टाकला, खूण लिहिली. खूण सरळ आली. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत या काउंटरवर कुणी कागद उलगडला नव्हता. आजपासून खिसे तू तपासायचे नाहीस."

"अहो, आपलं नाव होतं त्याच्यावर!"

"खिसा त्याचा होता."

त्या संध्याकाळी घरात न्यायालय भरलं. लेक, म्हणजे थोरलीचा एकुलता एक, फोन हातात धरून बसला. रोज चार तास तो त्या फोनवर सरकार पाडायचा आणि उरलेल्या वेळात नवं बसवायचा. "सडलीय सगळी व्यवस्था," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत! या लोकांना चौकात उभं केलं पाहिजे!"

"कर उभं. मंगळवारी येतोस का बरोबर?"

लेकाने फोनकडे पाहिलं. "मी काय म्हणतो आई, आपण आधी साहेबांना घरी जाऊन भेटू. गोडीत. दोन शब्द नरमाईचे..."

"चौकात उभं करणार होतास ना? आता त्याच्या ओट्यावर उभा राहणार?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मागच्या खेपेला तो शिपाई आला तर तू खुर्ची पुसून दिलीस. रुमालाने! तो रुमाल मी धुतलाय."

नात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती उठून मधेच उभी राहिली. बसून बोलायची सवय तिला कॉलेजने मोडली होती. "आजी, हा पुरावा आहे. ऐकायच्या आधीच निकाल! नैसर्गिक न्यायाचा सरळ भंग. फोटो काढू, वरच्या कोर्टात लावू, नेटवर टाकू. साहेब संध्याकाळपर्यंत घरी बसेल."

"आणि आपण?"

"आपण जिंकू."

"आपण कुठे बसू, ते विचारते मी. उद्या डॉक्टरीणबाई कोट टाकायला येतील. विचारतील, थोरल्या बाई, माझ्या खिशातलंही नेटवर टाकता का? काय सांगू त्यांना? की नाही, तुमचं टाकत नाही, फक्त वाईट माणसांचं टाकतो? वाईट कोण ते कोण ठरवणार, तू?"

"अन्याय झालाय आजी!"

"झालाय. म्हणून आपण खिसेकापू व्हायचं?" थोरलीने पाकीट सुटाला टाचलं. "बॉयलर गेला तर लाँड्री साहेबाने बंद केली म्हणता येईल. हे केलं तर लाँड्री मी बंद केली असं होईल. सासूबाईंना तोंड कोणत्या कापडाने झाकून दाखवू?"

"आजी, तुझ्या सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली."

"म्हणून काय त्यांना दिसत नाही?"

नातीने कपाळाला हात लावला. सून कोपऱ्यात मोज्यांच्या जोड्या लावत होती; ती हळूच म्हणाली, "मग मंगळवारी नुसतं जाऊन मान पुढे करायची का?"

थोरली तिच्याजवळ जाऊन बसली. मोजे बघत राहिली. मग म्हणाली, "सूट पोचवायचा आहे ना साडेदहाला. मी पोचवते."

मंगळवारी थोरली परवाना खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढली. लिफ्ट बंद होती. लिफ्टच्या दारावर 'सुधारणा चालू' असा कागद होता आणि कागद पिवळा पडला होता. एका हातात सुटाचा हँगर, दुसऱ्या काखेत लाल वही. मागे नात. लेकाचं ऐन वेळी पोट दुखलं.

साडेदहाला साहेब जागेवर नव्हते. अकराला नव्हते. सव्वाअकराला आले, कालचाच शर्ट अंगात. थोरलीने लांबूनच कफ बघितला आणि मनात नाक मुरडलं. आत काचेचं टेबल, काचेखाली कुणाच्या तरी लहान मुलाचा फोटो, बाजूला फायलींचा ढीग, टायपिंगचा कारकून. समोरच्या खुर्चीत पत्रवाले काका, हातात अकरा पानांचं भाषण.

"बसा आजी," साहेब म्हणाले. "काका, तुम्ही सुरू करा. थोडक्यात."

काकांनी अकरा पानं थोडक्यात वाचली. शुद्ध हवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. समाज नियमांवर उभा असतो. आज बॉयलर, उद्या काय? प्रक्रिया, पारदर्शकता, नैतिकता असे शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरले की कॉलरीसारखे झिजले. साहेब मधूनमधून मान हलवत होते. कारकुनाच्या यंत्राला मात्र हात लागला नव्हता. नातीने आजीला कोपराने ढोसलं: बघ, काही लिहूनच घेत नाहीत. थोरलीला दिसलं होतं. आणि काकांच्या वरच्या खिशातली पुडीही दिसली होती. एक वाक्य टाकलं असतं तर काकांची शुद्ध हवा तिथेच संपली असती. ते वाक्य तिने गिळलं.

"हं, आजी," साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. बोला."

थोरली उठली. "बोलते. आधी दुकानाचं काम. हा तुमचा सूट."

"अरे वा. ठेवा तिकडे."

"ठेवते. खिशात हे सापडलं." तिने पाकीट काढून काचेवर ठेवलं, शेजारी वही उघडली, पेन ठेवलं. "उघडा, काय आहे ते मोठ्याने म्हणा. मी लिहिते. तुम्ही सही करा. शिपाई नेतो तेव्हा वहीतली नोंद राहून जाते. आज तुम्हीच समोर आहात."

साहेबांनी पाकीट हातात घेतलं. बोटांना घड्या लागल्या. चेहऱ्याची खळ एकदम उतरली.

"हे... नंतर बघतो मी."

"नंतर नाही चालत साहेब. नियम आहे."

"अहो, सुनावणी चालू आहे!"

"म्हणून तर लवकर उरका."

आणि इथे पत्रवाले काका, ज्यांना आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हे आयुष्यात कधी कळलं नव्हतं, पुढे झुकले. "करून टाका साहेब. मी स्वतः दर आठवड्याला करतो. यांच्याकडची ही एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी आहे. प्रक्रिया ती प्रक्रिया!"

कारकून मान लांब करून बघू लागला. दाराशी शिपाई येऊन उभा राहिला. साहेबांनी पाकीट फाडलं, कागद छातीशी धरून अर्धा उलगडला, पुन्हा मिटला.

"कागद आहे," ते म्हणाले.

"कसला?"

"साधा. खाजगी."

"आमच्यात पुरतं लिहितात. औषधाची चिठ्ठी असेल तर औषधाची चिठ्ठी, पत्र असेल तर पत्र. कुणाचं ते विचारत नाही आम्ही." थोरली पेन घेऊन वाकली. "काय लिहू?"

पंखा फिरत होता. साहेबांनी एकदा नातीकडे पाहिलं. नात छताकडे बघत होती.

"कोरा आहे," साहेब म्हणाले. "कोरा कागद."

थोरलीने जीभ दाताखाली धरली आणि लिहायला घेतलं. 'को' लिहिला. 'रा' लिहिला. असा वेळ लागला की कारकुनाने दोनदा खोकून घेतलं. 'कोरा कागद, एक.' मग वही फिरवून साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी सही केली. तीच सही, शनिवारच्या कागदावर होती तशीच, शेवटी शेपूट वळवलेली.

"तारीख घाला."

साहेबांनी तारीख घातली.

थोरलीने वही मिटली, काखेत मारली आणि कारकुनाकडे वळली. "कागद कोरा आहे म्हणतात साहेब. मग आता मी बोलते, तुम्ही लिहून घ्या. सगळं घ्या. माझी पाच मिनिटं आता सुरू झाली."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब कुठेच पाहत नव्हते. कारकुनाने कागद चढवला.

थोरलीने सांगितलं. बॉयलर गॅसवर आहे. निघते ती वाफ, काळं काही निघत नाही. काळं निघालं असतं तर याच काकांचे पांढरे शर्ट त्या बॉयलरवरच्या गच्चीत वाळून पांढरे कसे निघाले असते? बावीस सह्यांपैकी एकोणीस घरांचे कपडे आजही तिच्या दोरीवर आहेत. पाहणीला अजून कुणी आलेलं नाही. आलं असेल तर त्याने बुटाला चिकटलेला साबण दाखवावा. कारकून लिहीत होता, काका पहिल्यांदाच गप्प होते आणि शिपाई दारातून हळूच अंगठा दाखवत होता.

"पाहणी करावी लागेल," साहेब शेवटी म्हणाले. आवाज कालच्या शर्टासारखा मळकट. "पुढची तारीख देतो."

खाली उतरताना नात पायऱ्या सोडून उड्या मारत होती. "आजी, तू वकील व्हायला हवी होतीस! फोटो नाही, आरोप नाही, आणि त्याच्याच सहीने त्याचा निकाल कोरा! न्याय मिळाला!"

"न्याय कुठला, तारीख मिळाली," थोरली म्हणाली. "न्यायासारखी दिसते एवढंच. धुतली की रंग जाईल."

घरी लेकाचं पोट बरं झालं होतं. त्याने आल्या आल्या फोनवर लिहायला घेतलं की सामान्य माणसाने निर्भयपणे उभं राहिलं पाहिजे. थोरलीने फोन काढून घेतला आणि त्याला चादरी घडी करायला बसवलं.

संध्याकाळी काउंटरवर ती एकटी होती. तिने वही काढली, ते पान उघडलं. कोरा कागद, एक. लोक वहीत आजवर काय काय खोटं सांगून गेले असतील, पण लिहिणाऱ्या हाताला ते ठाऊक नसायचं. ही एकच ओळ अशी होती की लिहिताना ठाऊक होतं. सासूबाई असत्या तर पाकीट शिपायाबरोबर पाठवून मोकळ्या झाल्या असत्या आणि बॉयलरबरोबर विझल्या असत्या, ताठ मानेने. थोरलीने अंगठा ओळीवरून फिरवला. हा डाग कसला, तिला चांगलं कळत होतं.

"अगं," तिने मागे हाक मारली. सून हात पुसत आली. "उद्यापासून खिसे तू बघ."

"पण तुम्हीच म्हणालात..."

"म्हणाले होते. आता तुला वर तोंड करून बोलायची माझी सोय राहिली नाही. बघ, आणि पुन्हा कागद उलगडलास तर हात मोडीन."

पाहणी दोनदा ठरली, दोनदा पुढे गेली. पत्रवाल्यांनी सरकारच्या दिरंगाईवर जळजळीत पत्र लिहिलं. ते ज्या शर्टात लिहिलं तो शर्ट सिगारेटच्या वासासकट गुरुवारी आला. साहेबांचे कपडे मात्र बंद झाले. ऐकलं की ते पलीकडच्या चकचकीत, काचेच्या दुकानात देतात.

तीन महिन्यांनी शिपाई गाठोडं घेऊन आला. खाली मान घालून उभा राहिला. थोरलीने गाठ सोडली. सहा शर्ट, तीन पँटी, तोच निळा सूट. कॉलरी पिवळ्या, मानेच्या वळीत मळाचा जाड काठ. आणि प्रत्येक खिसा, शर्टाचा, पँटचा, कोटाच्या आतला चोरखिसासुद्धा, आधीच उलटा करून बाहेर ओढलेला. सगळे खिसे दमलेल्या कुत्र्याच्या जिभांसारखे लोंबत होते.

थोरली बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "लिही वहीत. खिशात काही नाही."

"ते तर कधी लिहीत नाही आपण."

"आज लिही. खरं आहे, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं," थोरली म्हणाली, आणि पहिली कॉलर साबणाला लावायला घेतली.